पुराणपाषाणांची वंशावळ

इतिहास म्हटला कीं राजांच्या वंशावळी व लढायांच्या तिथी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ज्या भूमीवर हे राजे लढले तिलाहि स्वतःचा इतिहास आहे. आणि तो वाचतांना थोर विद्वानांचीहि फसगत होते, याचें बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडच्या वायव्य भागांत घडलें.

तेथें तळाशीं ‘लुइशियन’ नांवाचा करडा, पट्टेदार नाइस खडक आहे. त्यावर क्वार्ट्झाइट व चुनखडीचे थर आणि पूर्वेकडे त्यांच्याहि वर पुन्हा स्फटिकमय खडक. खालचें तें जुनें व वरचें तें नवें, या सर्वमान्य नियमानें सर रॉडरिक मर्चिसन यांनीं हे वरचे खडक चुनखडीहून नवे ठरविले. ॲबर्डीनचे प्राध्यापक जेम्स निकोल यांनीं १८६१ सालीं हरकत घेतली कीं, ते जुनेच असून भूकवच भंगल्यामुळें तेथें आले आहेत. मर्चिसन हे सरकारी भूविज्ञान खात्याचे प्रमुख. निकोल यांचें म्हणणें मागें पडलें व १८७९ सालीं ते निवर्तले. पुढें लॅपवर्थ यांचें संशोधन व पीच आणि हॉर्न यांची सरकारी पाहणी यांनीं जुने खडक आडवे सरकून नव्यांवर चढले आहेत हें सिद्ध केलें. पूर्वीं मर्चिसन यांचा पक्ष घेणारे खातेप्रमुख गीकी यांनीं १८८४ सालीं आपली चूक जाहीरपणें मान्य केली.

परंतु तळाच्या नाइसची जन्मकथा याहूनहि प्राचीन. बेसाल्टसारखा काळा खडक खोलवर तापून अंशतः वितळला कीं त्यांतून सिलिकायुक्त हलका रस निघतो; तो गोठून खंडांचा पाया घडतो. लुइशियनचा कांहीं भाग असा सुमारें ३०० कोटी वर्षांपूर्वीं घडला. मागाहून त्यांत काळ्या खडकाच्या भित्ती शिरल्या. जॉन सटन व जॅनेट वॉटसन या दांपत्यानें १९५१ सालीं या भित्तींचाच कालगणनेसाठीं उपयोग केला. कोठें त्या नाइसचे जुने पट्टे छेदून सरळ जातात, कोठें स्वतःच पिळवटलेल्या आहेत. अर्थात् पर्वतनिर्मितीचा एक घाला भित्तींपूर्वींचा व दुसरा त्यांनंतरचा! वरचे खडक सरकले तें तर सुमारें ४३ कोटी वर्षांपूर्वीं.

मर्चिसन यांचा नियम खोटा नव्हता. शांतपणें साचलेल्या थरांपुरता तो खराच आहे. परंतु पर्वतांच्या प्रदेशांत जुनेंच पुनःपुन्हा वितळतें, दुमडतें व नव्याच्या माथ्यावर जाऊन बसतें. तेथें कोण वर बसला आहे यावरून वय ठरवूं नये. अंगावरचे व्रण वाचावे. हा धडा खडकांइतकाच विद्वानांच्या सभेलाहि लागू आहे.