परदेशातील श्रमदान : घरबांधणीपासून वनांपर्यंत

पदवीची परीक्षा आटोपली आहे आणि नोकरी सुरू व्हायला अवकाश आहे, अशा मधल्या काळात परदेशात काही आठवडे श्रमदान करून यावे, हा विचार शहरी घरांना आता नवा राहिलेला नाही. कुठे शाळेची भिंत बांधायची असते, कुठे उजाड टेकडीवर रोपे लावायची असतात. विमानाचे भाडे मात्र बहुधा पालकांनाच भरावे लागते. ते भरण्यापूर्वी या चळवळीचा पूर्वेतिहास आणि आजचा व्यवहार या दोन्हींची माहिती असलेली बरी.

या श्रमशिबिरांचा उगम पर्यटनात नव्हे, तर युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील व्हर्दून परिसरातील गावे अक्षरशः मातीला मिळाली. त्यांपैकी एन या खेड्यात १९२०च्या नोव्हेंबरमध्ये पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने काही स्वयंसेवक जमविले. त्यांत जर्मन तरुणही होते. मलबा उपसणे, रस्ते दुरुस्त करणे, बेघरांसाठी लाकडी निवारे उभारणे ही त्यांची कामे. परंतु जर्मनांविषयीचा रोष अद्याप ताजा होता आणि काही महिन्यांतच शिबिर गुंडाळावे लागले. अपयशातून सुरू झालेली ही संघटना पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या नावाने जगभर पोहोचली.

भारताशी तिचा संबंध आला तो १५ जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपानंतर. सेरेसोल स्वतः बिहारमध्ये आले आणि राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याशी जोडले गेले. भूकंपाने जमिनीची पातळी बदलल्यामुळे अनेक वस्त्यांत पुराचे पाणी शिरू लागले होते. उंच जागा शोधून तेथे वस्त्या नव्याने वसविण्याचे हे काम १९३७पर्यंत चालले. दोन आठवड्यांत उरकून परतण्याजोगे ते नव्हतेच.

मराठी वाचकांना अधिक जवळचा वाटेल तो आनंदवनाचा प्रसंग. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात याच संघटनेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्याकडे येऊन राहिले आणि कुष्ठरुग्णांच्या बरोबरीने त्यांनी इमारती उभारल्या. विटा रचण्याचे काम रुग्ण स्वतःही करीतच होते. या पाहुण्यांनी दिले ते वेगळेच. ही निरोगी परदेशी मुले रुग्णांनी पिकविलेला भाजीपाला खातात, त्यांच्यात वावरतात, हे दिसल्यावर वरोऱ्यातील लोकांची भीती ओसरू लागली आणि आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. १९६७पासून सोमनाथ येथे बाबांनी भरविलेली श्रमसंस्कार शिबिरे पुढे महाराष्ट्रातील अनेक तरुणांच्या परिचयाची झाली.

वनसंवर्धनाच्या शिबिरांचे गणित थोडे निराळे आहे. स्कॉटलंडचे उदाहरण घ्यावे. तेथील उंच भागात एके काळी पसरलेल्या पाइनच्या प्राचीन अरण्याचे आता विखुरलेले तुकडेच उरले आहेत. तोड थांबली तरी जंगल परतले नाही. लांडगे केव्हाच नामशेष झाल्याने हरणांची संख्या वाढली आणि ती रुजलेला कोंब वर येऊच देईनात. परिणामी कित्येक ठिकाणी म्हातारी झाडे आहेत, मात्र त्यांच्या खाली एकही तरुण झाड नाही. अॅलन वॉटसन फेदरस्टोन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेने या प्रश्नाला हात घातला. २००८मध्ये संस्थेने डनड्रेगन ही विस्तीर्ण मालमत्ता विकत घेतली, तर २०१२मध्ये तिचे दहा लाखावे झाड लागले.

तेथे जाणाऱ्याची कल्पना मात्र बहुधा छायाचित्रावर बेतलेली असते : हातात रोप आणि चेहऱ्यावर हसू. प्रत्यक्षात लागवडीचा हंगाम वसंत आणि शरद ऋतूपुरता असतो. एरवी बी गोळा करणे, रोपवाटिकेतील तण काढणे, जुनी कुंपणे उखडणे, बाहेरून आणून लावलेली झाडे काढून टाकणे अशी कामे वाट्याला येतात. तेथील अॅस्पेन हे झाड क्वचितच बी धरते. म्हणून त्याच्या मुळांचे तुकडे आणून त्यांना फुटवे येईपर्यंत सांभाळावे लागते. हे काम रटाळ खरे, पण जंगल त्यावरच उभे राहते.

याच्या नेमका उलट मार्ग केनियात वंगारी मथाई यांनी १९७७मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीन बेल्ट मूव्हमेंट’ने धरला. तेथे रोपे खेड्यांतील स्त्रियांनीच वाढविली आणि जगलेल्या रोपामागे त्यांना अल्पसा मोबदला मिळत गेला. मथाई यांना २००४मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. लावलेल्या नव्हे तर जगलेल्या झाडाचा हिशेब ठेवणे, ही त्यातील मोलाची गोष्ट. परदेशी शिबिराची जाहिरात वाचताना हाच निकष लावून पाहावा. मागील वर्षी लावलेल्यांपैकी किती रोपे जगली, पावसाळ्यानंतर त्यांना पाणी कोण घालते, जमीन कोणाच्या मालकीची आहे, या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नयेत. बांधकामाच्या बाबतीतही तेच. जन्मात थापी न धरलेल्या मुलाने रचलेली भिंत गवंड्याला पुन्हा पाडून बांधावी लागत असेल, तर त्या शुल्कात स्थानिक गवंड्याची कित्येक दिवसांची मजुरी निघाली असती. अनुभवी गवंड्याच्या हाताखाली काम असेल, तर मात्र ते शिकणेही होते.

खर्चाचे म्हणाल, तर सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलसारख्या संघटनांच्या शिबिरांत राहण्याजेवणाची सोय असते. प्रवास आणि माफक शुल्क स्वयंसेवकाने द्यायचे असते. शिबिर साधारण दोन-तीन आठवड्यांचे असून अर्ज शक्यतो आपल्या देशातील शाखेमार्फत जातो. १९७०मध्ये आमसभेने स्थापन केलेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम हे प्रकरण वेगळे. जर्मनीतील बॉन येथून चालणाऱ्या या कार्यक्रमात प्रत्यक्ष नेमणुका पूर्ण वेळच्या असतात आणि निर्वाहभत्ता मिळतो. सुट्टीतील हौसेसाठी तो नाही. घरबसल्या संगणकावरून करता येणारी कामेही त्यात असतात.

सर्वाधिक फसगत होते ती व्हिसाच्या बाबतीत. पगार नाही म्हणजे ते काम नव्हे, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. ब्रिटनमध्ये अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस श्रमदान करता येते, तेही भेटीचा मुख्य हेतू तो नसेल तरच. केवळ श्रमदानासाठी जाणाऱ्यास निराळा व्हिसा लागतो आणि त्यासाठी यजमान संस्थेकडे प्रायोजकाचा परवाना असावा लागतो. तो आहे किंवा नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.