दारं धरणारा स्विच आणि ‘परम ८०००’

पावसाचा अंदाज हा बीडकरांसाठी विज्ञानाचा नव्हे, पोटाचा विषय. त्याच अंदाजासाठी ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. पुष्कळ घासाघिशीनंतर एक मिळाला, तोही अटी घालून. त्याहून ताकदीचा मिळालाच नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

त्यात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ६४ ट्रान्सप्युटर होते. एकटादुकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे किरकोळच. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना रस आहे तो वेगळ्याच प्रश्नात: या ६४ जणांनी आपसात बोलायचं कसं?

प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे. इन्मॉसचाच बी-००८ हा विकास-मदरबोर्ड घ्या, म्हणजे कळेल. त्यावर मॉड्यूलसाठी १० जागा. दुवा १ आणि २ शेजाऱ्यांशी कायमचे जोडलेले, म्हणजे सरळ साखळी झाली. दुवा ० आणि ३ मात्र सी-००४ या स्विचकडे जातात. शेतात दारं धरणारा गडी पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतो ना, तसा हा ३२ वाटांपैकी हवी ती हव्या त्या वाटेला जोडून देतो.

खरी पंचाईत मोठ्या मॉड्यूलची. ते आडवं पसरून दोन-चार जागा झाकतं आणि खालची साखळी तुटते. मग झाकलेल्या जागेच्या पिनांवर दुवा १ आणि २ सांधणारी जोडपट्टी बसवायची, नाहीतर मोठ्याच्या पाठीवर लहान मॉड्यूल चढवायचं. त्याचे संकेत मोठ्यातून खाली मदरबोर्डात उतरतात आणि साखळी पुढे चालू होते.

हे सगळं चालवणारी भाषा ‘ऑकम’. नाव कुणाचं? चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकमचं, विनाकारण पसारा वाढवू नका म्हणणाऱ्या त्या तत्त्वज्ञाचं! भाषेचा पाया टोनी होअर यांच्या १९७८ च्या विचारात आहे. तिचा नियम मोजका: देणारा आणि घेणारा दोघं तयार असतील तेव्हाच निरोप पोचतो, तोवर आधी आलेल्याने थांबायचं. आता समजा, दोघांनीही आधी देण्याचाच हट्ट धरला. तारा शाबूत, स्विच बरोबर, दोन्ही प्रोसेसर धडधाकट, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत जागच्या जागी उभे!