प्रतिमाशेष, दूरचित्रवाणी पटलावरील

प्रतिमाशेष, दूरचित्रवाणी पटलावरील : वाहिनीचे बोधचिन्ह, बातम्यांची धावती पट्टी वा क्रिकेटचा धावफलक यांसारखी स्थिर आकृती दीर्घकाळ एकाच जागी झळकत राहिल्याने, ती निघून गेल्यावरही सपाट पटलावर तिची पुसट छाया उरणे. ही छाया काही मिनिटांत वा तासांत विरल्यास तिला तात्पुरता प्रतिमाशेष म्हणतात; कायम ठाण मांडून बसल्यास तिला बर्न-इन ही संज्ञा आहे.

मुंबईत वरळी येथील दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा गिरगावच्या चाळीत ज्या बिऱ्हाडी संच असे तेथे अवघा मजला लोटत असला, तरी प्रक्षेपणाची मुदतच मोजक्या तासांची असल्याने काचनळीच्या त्या संचांना या विकाराची फारशी बाधा झाली नाही. उपग्रह वाहिन्यांची बोधचिन्हे कोपऱ्यात कायमची स्थिरावली आणि २००७ पासून मराठीत चोवीस तास बातम्यांचा अंमल सुरू झाला, तेव्हा घरोघरच्या पटलांवर स्थिर आकृतींचा भार वाढला. गणेशोत्सवात तर लालबाग-परळच्या कित्येक घरांत ‘लालबागच्या राजा’चे थेट दर्शन तासन्‌तास चालू असते, मूर्ती, मखर व खालची पट्टी जागच्या जागी, आणि हलते ती केवळ पुढची गर्दी.

धोक्याचे प्रमाण पटलाच्या जातीवर अवलंबून असते. द्रवस्फटिक पटलात (एलसीडी, बाजारात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकले जाते तेही बहुधा हेच) प्रकाश मागील दिव्यांचा असतो व स्फटिक केवळ त्याची वाट अडवितात. विद्युत्‌दाब एकाच दिशेने राहिल्यास द्रवातील आयनरूप अशुद्धी कडेला साचून छाया पडते. सबब दाबाची दिशा सतत पालटण्याची तजवीज मुळातच केलेली असते, आणि उरलीसुरली छाया चित्र बदलत ठेवल्यास सहसा ओसरते. मध्यमवर्गीय घरांतील बहुसंख्य संच याच जातीचे असल्याने या विषयाची धास्ती धोक्याहून मोठी आहे, असे म्हणणे भाग आहे.

१९६४ साली इलिनॉय विद्यापीठात जन्मलेल्या प्लाझ्मा पटलातील स्फुरदीप्त द्रव्य मात्र खरोखर क्षीण होई. २०१४ च्या सुमारास प्रमुख उत्पादकांनी ते पटल बंद केले. त्याच्या या दोषाचा वारसा ओएलईडीकडे आला. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग व व्हॅन स्लाइक यांनी ज्या सेंद्रिय दीपकाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावर आधारलेल्या या पटलाचा प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असून जितका तळपेल तितका तो निस्तेज होतो, निळा सर्वांत आधी, व उष्णतेने ही गती वाढते. जुन्या चाळीच्या लाकडी जिन्याची पायरी जशी मध्यभागीच झिजते, तसे बोधचिन्हाखालचे बिंदू इतरांआधी मंदावतात आणि एकरंगी पार्श्वभूमीवर त्यांचा डाग उमटतो. नाव ‘बर्न-इन’ असले, तरी तेथे जळत काहीच नाही. झीज विषम होते, एवढेच.

यावर उत्पादकांनी केलेला बंदोबस्त असा : चित्र नकळत काही बिंदू सरकविणे, बोधचिन्हाचे तेज उतरविणे, आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संच रिमोटने बंद केल्यावर प्रतीक्षावस्थेत बिंदूंची झीज मोजून त्यांचे तेज समतोल करणे. अनेक संचांत हा उपचार सुमारे चार तासांच्या वापरानंतर आपोआप होतो. येथेच आपल्याकडील एक काटकसरी शिस्त आड येते. ‘बेस्ट’च्या वीजबिलाच्या धाकाने दादर-गिरगावच्या घरांत रात्री भिंतीवरचे बटणच बंद करण्याचा जो रिवाज आहे, त्याने वीज थोडीफार वाचते खरी, परंतु उपचारास वीजच मिळत नाही आणि ओएलईडीची झीज दुरुस्तीविना साचत जाते. असे संच निदान काही वेळ रिमोटनेच बंद ठेवावेत, उजळपणा बेताचा राखावा व एकाच वाहिनीचा दिवसभराचा मुक्काम टाळावा.

लॅमिंग्टन रोडवर वा अन्यत्र वापरलेला किंवा दुकानात मांडून ठेवलेला ओएलईडी संच घेताना, तो पूर्ण तेजावर रोज चालविलेला असण्याचा संभव ध्यानी घेऊन, पटलावर क्रमाने करडा, तांबडा व निळा असे सपाट रंग आणवून खालची पट्टी व वरचे कोपरे न्याहाळावेत. हमीपत्रातून बर्न-इन वगळलेले आहे की नाही, हेही पैसे देण्यापूर्वीच वाचावे.