शाळेचा पैसा आणि रयतेचा आवाज

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव हे तालुक्याचे गाव मराठवाड्याच्या उत्तर कडेला आहे. येथून रिसोडच्या वाटेला लागले की विदर्भ सुरू होतो. आज ह्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्हा परिषद शाळा एकाच कायद्याखाली चालतात. 1962 पूर्वी मात्र तसे नव्हते. शाळांच्या कारभारात लोकनियुक्त सभासदांना महाराष्ट्राच्या अन्य भागांत थोडाफार वाटा होता. सेनगावच्या रयतेला तो नव्हता. हा भेद कसा पडला आणि त्यातून आपण काय घ्यावे, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

मुंबई इलाख्यात 1863 पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला. त्यातील तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे खेड्यातील शाळेचा पैसा नांगर धरणाऱ्याच्या घरातून येत होता. पण तो कोणाच्या मुलांवर खर्च होतो, हे विचारणारे फार थोडे होते. महात्मा जोतीराव फुले यांनी ते विचारले. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट सांगितले, की सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

हेच जोतीराव 1876 ते 1882 ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी 1000 रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव मंजूर झाला. तथापि सभागृहात बसलेला एक मनुष्य कोणता प्रश्न उभा करू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

पुढे नामदार गोखले यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. 1912 साली ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. 1918 साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे व नगरपालिकांकडे सोपविल्या गेल्या आणि त्यांची शिक्षण मंडळे निर्माण झाली. लोक त्यांना ‘स्कूल बोर्ड’ म्हणत.

ह्या मंडळांचा इतिहास सर्वस्वी उज्ज्वल आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या ह्यांत गटबाजी शिरली आणि 1938 साली सरकारला त्यांच्या अधिकारांना लगाम घालावा लागला. मंदीच्या काळात पैशाअभावी सक्तीच्या योजना रखडल्या. असे असले तरी सामान्य शेतकऱ्याला अंदाजपत्रक वाचण्याची व त्यावर वाद घालण्याची सवय ह्याच मंडळांतून लागली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथील प्राथमिक शाळा थेट सरकारी खात्याच्या होत्या आणि दरबारची भाषा उर्दू होती. मराठी शिक्षणासाठी लोकांना पदरमोड करून संस्था उभाराव्या लागल्या. 1921 साली निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा हे त्याचे ठळक उदाहरण. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे सेवा केली. 17 सप्टेंबर 1948 ला मुक्ती मिळाली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी शाळा सरकारी खात्याकडेच राहिल्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा शिक्षण मंडळे, विदर्भात जनपद सभा आणि मराठवाड्यात थेट सरकार, अशी तीन तऱ्हांची व्यवस्था होती. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा तिन्हींच्या जागी परिषदेची शिक्षण समिती आली. इतरांना निदान एका पिढीचा सराव होता. आपल्या भागाला एकदम पहिला धडा गिरवावा लागला.

त्या सरावाची संधी आज गावच्या शाळेतच आहे. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. अल्पसंख्याकांच्या शाळांत 2012 च्या दुरुस्तीने ह्या समितीचे काम सल्ल्यापुरते ठरविले होते आणि 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदाच त्या शाळांना लागू राहिला नाही, हेही आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण मराठवाड्यातील आपली कितीतरी कुटुंबे मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेतच पाठवतात आणि तेथे त्यांना पूर्ण हक्क आहे.

अनुदानाची रक्कम थोडी असते, हे खरे. समग्र शिक्षा योजनेत 101 ते 250 पट असलेल्या शाळेसाठी वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतचा निकष ठरला. त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. वीज, खडू, दुरुस्ती, पाणी सारे त्यातच. अशा वेळी आधी काय, हे ठरविणे महत्त्वाचे होते. प्रवेशद्वाराची कमान रंगवावी की मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणावे? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर कोणी पाठवावा? पालक सभेला कोणी आलेच नाही, तर ह्या प्रश्नांची उत्तरे दोन-चार माणसे परस्पर देतात. आणि आई-बाप फडावर असलेल्या मुलाच्या वतीने बोलणारा तेथे बहुधा कोणी नसतो.

म्हणून आमची आपणांस विनंती आहे. समितीची निवड होईल त्या पालक सभेस जावे. शक्य असल्यास स्वतः उभे राहावे. विशेषतः मातांनी मागे राहू नये. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत खर्चाची वही मागावी आणि ती सर्वांसमोर वाचून दाखवावी. जोतीरावांचा प्रश्न तोच होता, आणि सेनगावसारख्या तालुक्यात तो विचारण्याचा अधिकार कायद्याने पालकाच्या हाती आला आहे.