एका पुस्तकाचें परीक्षण

नव्या ग्रंथांचीं परीक्षणें वाचण्याची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, हा प्रघात मराठींत कसा रुजला याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. ग्रंथकर्त्यानें प्रत अभिप्रायार्थ धाडावी, आणि संपादकानें कधीं दोन ओळींची पोंच द्यावी, कधीं सविस्तर टीका करावी, अशी ती रीत. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ सालीं निघालें आणि त्यांत ग्रंथपरीक्षणास मानाचें स्थान मिळालें. पुढें १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली व परीक्षणास धार आली. त्या धारेचें मोल मोठें. तरी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतांना शास्त्रीबुवांची दृष्टि आशयापेक्षां भाषेच्या दोषांवर अधिक खिळली, हें सांगितलेंच पाहिजे.

अशा काळीं आमच्या जालन्याच्या शेजारच्या बुलढाण्यांतील एका बाईंचें पुस्तक पुण्यास छापलें गेलें. तेव्हां जालनें निजामाच्या राज्यांत आणि बुलढाणें इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाडांत; अंतर थोडें, पण मधें सरहद्द. पुस्तकाचें नांव 'स्त्रीपुरुष तुलना' आणि कर्त्री ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरि शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरींत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८२ सालीं श्री शिवाजी छापखान्यांत पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

हें पुस्तक लिहावयास कारण घडलें तें वर्तमानपत्रांचेंच. १८८१ मध्यें सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक एका तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली. खटल्याचा गवगवा झाला आणि 'पुणेंवैभव' पत्रानें स्त्रीजातीच्या वर्तनावर तोंडसुख घेतलें. ताराबाईंनीं लेखणी उचलली ती त्यावर. जे दुर्गुण बायकांच्या माथीं मारले जातात, ते एकेक घेऊन त्यांनीं विचारलें कीं, हे पुरुषांत नाहींत काय? बायको मेल्यावर पुरुषानें लगेच दुसरी करावी आणि नवरा मेल्यावर स्त्रीनें जन्मभर कोपऱ्यांत बसावें, हा धर्म कोणता? शास्त्रकारांस आणि देवांसहि त्यांनीं जाब विचारावयाचें सोडलें नाहीं.

मास्तरकीच्या दृष्टीनें पाहिलें तर पुस्तकांत दोष सांपडतील. वाक्यें लांबतात, विषय एकावरून दुसऱ्यावर जातो, शब्द कोठें कोठें चुलीपुढचे आहेत; तांबड्या शाईस जागा पुष्कळ! परंतु अशा शाईनें प्रश्नाचें उत्तर होत नाहीं, आणि मला तर त्या चुलीपुढच्या शब्दांतच पुस्तकाचें बळ दिसतें.

आतां पाहा, वर्तमानपत्रास उत्तर म्हणून जन्मलेल्या ग्रंथाचा निवाडा करावयाचा तो वर्तमानपत्रांनींच! तो प्रतिकूल झाला. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंचा 'स्त्रीधर्मनीति' ग्रंथ प्रसिद्ध झाला. रमाबाईंच्या विद्वत्तेची कीर्ति आधींच पसरली होती. बुलढाण्याच्या बाईस तसा कोणाचा आधार? १८८५ सालीं 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकांत जोतीरावांनीं मात्र त्यांची बाजू घेतली आणि टीकाकारांस चार शब्द सुनावले. ज्यांच्या स्वतःच्या पुस्तकांची अशीच हजेरी घेतली गेली होती, त्यांनाच ही कळ कळली, असें मला वाटतें. ताराबाईंचें दुसरें पुस्तक छापल्याचें आढळत नाहीं.

त्यानंतर ग्रंथ विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो संपादून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे पुन्हां प्रकाशित केला. म्हणजे मधें ९३ वर्षें लोटलीं. १९९४ मध्यें रोझॅलिंड ओहॅनलन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर निघालें आणि विद्यापीठांतून त्याचा अभ्यास होऊं लागला. जालन्याहून देऊळगांव राजा व चिखली ओलांडलें कीं बुलढाणें येतें. इतक्या जवळच्या या पुस्तकाची वार्ता आम्हांस मुंबईमार्गें मिळाली.