खिशातला घडीचा चाकू घेताना काय बघावं? पाती किती यापेक्षा सांधा महत्त्वाचा

भंडारा : धान कापायला विळा, बांबू फोडायला कोयता हवाच. पण युरियाची चुंगडी उघडणं, सुतळी तोडणं, ठिबकची नळी कापणं, वायर सोलणं अशा कामांना खिशातला घडीचा चाकू सोयीचा पडतो. बाजारात दोन पात्यांपासून दहा-बारा अवजारांपर्यंतचे चाकू मिळतात. लाल मुठीचा स्विस चाकू जगभर प्रसिद्ध आहे, त्याच्या नकलाही भरपूर आहेत. जास्त अवजारं म्हणजे चाकू जाड आणि जड. शेतातल्या रोजच्या कामाला दोन किंवा तीन पाती पुरतात.

कोणती पाती हवीत?
एक पातं लांब आणि टोकदार असावं. दुसरं सरळ धारेचं, बोथट टोकाचं असावं. जनावराच्या गळ्यात अडकलेलं दावं कापायचं असेल तर हे दुसरंच वापरावं, कारण जनावर हललं तरी टोक रुतत नाही.

दुकानात हे तपासा
- पातं पूर्ण उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा. सैल लागलं तर घेऊ नका.
- उघडताना आणि मिटताना ‘कट्’ असा ठसठशीत आवाज यावा. कमान ढिली असेल तर काम करताना पातं मिटून बोटावर येतं.
- मिटलेल्या पात्याचं टोक मुठीबाहेर दिसता कामा नये.
- मुठीच्या आतल्या पट्ट्या पितळी असतील तर उत्तम. बांधीतल्या चिखल-पाण्यात पितळेला लोखंडासारखा गंज चढत नाही.

साधं पोलाद की स्टेनलेस?
साध्या पोलादाला दगडावर लवकर धार येते, पण ओलं ठेवलं की गंजतं. लिंबू कापलं की काळं पडतं. स्टेनलेस सहसा गंजत नाही, मात्र धार लावायला वेळ लागतो. मासेमारी किंवा रोवणीच्या दिवसांत पाण्यात वावर असेल तर स्टेनलेस बरं. चुंबक लावून पारख होत नाही, कारण चाकूच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं.

धार आणि निगा
ओल्या दगडावर पातं साधारण 20 अंशात धरा. म्हणजे काटकोनाचा अर्धा, आणि त्याचा पुन्हा अर्धा. दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं तर त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. काम झाल्यावर पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब टाका.

बोटं सांभाळा
साध्या घडीच्या चाकूला कुलूप नसतं. त्यामुळे तो भोसकायला, खुपसून फिरवायला किंवा पेचकसासारखा वापरू नये. कापताना धार अंगापासून दूर न्यावी. बोट कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, मग साबण-पाण्याने धुवा. रक्त थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून लगेच दवाखाना गाठा. जखमेत माती-शेण गेलं असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन 5 वर्षांपेक्षा जुनं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. हळद-चुना भरून बसू नका.

कायदा काय सांगतो?
शस्त्र नियम 2016 नुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेल्या अवजारांना त्यातून सूट आहे. मात्र सण-निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 (1) खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा चाकू बाळगणंही अडचणीचं ठरू शकतं. त्या दिवसांत सभेला, मिरवणुकीला किंवा मतदानाला जाताना तो घरीच ठेवावा. बटण दाबताच उघडणारा चाकू शेतकऱ्याच्या कामाचा नाही, तो टाळलेलाच बरा.