कैद कोणाच्या खर्चाने?

१९६५ साली कॅलिफोर्निया राज्याने आपल्या काउंट्यांपुढे एक सौदा ठेवला. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला राज्याच्या तुरुंगात किंवा सुधारगृहात न धाडता काउंटीने आपल्याच परिवीक्षा (प्रोबेशन) विभागाच्या देखरेखीखाली ठेवले, तर अशा प्रत्येक माणसामागे राज्य काउंटीला चार हजार डॉलरपर्यंत रक्कम देणार होते. मोजमाप आधीच्या काही वर्षांच्या सरासरीशी व्हायचे. तिच्यापेक्षा जितके कमी कैदी, तितके जास्त पैसे. दंडविधान होते तेच राहिले, न्यायाधीशही तेच. तरीही राज्याच्या संस्थांकडे येणाऱ्यांचा ओघ पुढची काही वर्षे झपाट्याने आटला. प्रोबेशनचा इतिहास सहसा दयेचा आणि कठोरपणाचा लंबक म्हणून सांगितला जातो. एका पिढीने गुन्हेगाराला सुधारायचे ठरवले, दुसरीने त्याला धडा शिकवायचे, असा. मला ही मांडणी अपुरी वाटते. काउंटीच्या परिवीक्षा विभागाचे नशीब ठरवले ते एका रुक्ष प्रश्नाने: माणूस सुधारला नाही, तर त्याचा खर्च कोणाच्या वहीत पडतो?

हा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासून होता. जॉन ऑगस्टस हा बॉस्टनमधला जोडे बनवणारा व्यावसायिक. १८४१च्या ऑगस्टमध्ये त्याने पोलीस कोर्टात एका दारुड्याला जामीन राहून सोडवले. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत आणि नीटनेटका होऊन परत आला, तेव्हा न्यायाधीशाने एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च एवढ्यावर त्याला सोडले. १८५९मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने सुमारे १,९०० जणांची हमी घेतली. प्रोबेशनवरच्या पुस्तकांत हा प्रसंग संतचरित्रासारखा येतो, पण त्यातली एक गोष्ट मागे राहते. कोर्टाच्या शिपायांना ऑगस्टस डोळ्यांसमोर नको असे. आरोपीला कोठडीत नेऊन पोचवण्याचे त्यांना माणशी ६२ ते ७५ सेंट मिळत, आणि ऑगस्टसने सोडवलेल्या प्रत्येकामागे तेवढी कमाई बुडे. त्यांना दारुड्याच्या सुधारण्याशी वैर नव्हते. त्यांचा धंदा त्याच्या आत जाण्यावर चालत होता, इतकेच.

ऑगस्टसनंतर मॅसॅच्युसेट्सने १८७८मध्ये कायदा करून बॉस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमायची सोय केली. १८९८मध्ये व्हरमाँटने हे काम काउंटीवार बांधून दिले, १८९९मध्ये शिकागोत बालन्यायालय आले आणि १९०३मध्ये कॅलिफोर्नियाने प्रोबेशनचा कायदा केला. या घाईघाईच्या विस्तारात एक मांडणी फारसा विचार न करता पक्की झाली. परिवीक्षा अधिकारी काउंटीचा, त्याचा पगार काउंटीच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः घरपट्टी-जमीनपट्टीतून. तुरुंग मात्र राज्याचा. काउंटीच्या न्यायालयाने एखाद्याला तुरुंगात धाडले की पुढची पाच वर्षे त्याच्या जेवणाचे, औषधाचे आणि पहाऱ्याचे बिल राज्य भरणार. फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या अभ्यासकांनी पुढे या व्यवस्थेला काउंटीचे फुकटचे जेवण म्हटले. आपल्याकडे महाराष्ट्रात कारागृहे गृह विभागाकडे आणि जिल्हा परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडे. खाती दोन असली तरी तिजोरी एकच, राज्याची. त्यामुळे १९५८च्या परिवीक्षा कायद्याच्या आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियातली अडचण तिजोऱ्या दोन असण्याची आहे.

पैशाकडे वळण्याआधी हा विभाग करतो काय ते पाहिले पाहिजे, कारण तिथेच पैशाचा परिणाम जाणवतो. गुन्हा सिद्ध झाल्यावर आणि शिक्षा सुनावण्याआधी अधिकारी न्यायाधीशासाठी अहवाल तयार करतो: घर, नोकरी, व्यसन, पूर्वीचे गुन्हे, फिर्यादीचे झालेले नुकसान. न्यायाधीशाने शिक्षा तहकूब करून प्रोबेशन दिले की अटींची यादी येते. ठरल्या दिवशी हजेरी, अमुक भागात जायचे नाही, अमुक माणसांना भेटायचे नाही, लघवीची तपासणी, व्यसनमुक्तीचा किंवा राग आवरण्याचा वर्ग, नुकसानभरपाई. या सगळ्यावर नजर ठेवणारा आणि त्याच माणसाला काम मिळवून द्यायला धडपडणारा अधिकारी एकच असतो. तो अर्धा पोलीस आणि अर्धा समाजसेवक, पण त्याच्या हातात दिवस एकच. त्याच्याकडे पन्नास प्रकरणे असतील तर तो घरी जाईल, मालकाला फोन करेल, आईशी बोलेल. दोनशे असतील तर तो हजेरी घेईल आणि अट मोडली की कागद न्यायालयाकडे धाडेल. अट मोडल्याचा कागद धाडायला फारसा वेळ लागत नाही आणि जुन्या व्यवस्थेत काउंटीला त्याचा खर्चही येत नसे. माणूस तुरुंगात गेला की अधिकाऱ्याच्या यादीतले एक नाव कमी होते. यात अधिकारी आळशी किंवा निर्दय असतो असे मुळीच नाही. व्यवस्थेने स्वस्त करून ठेवलेला रस्ता तो धरतो.

१९६५चा सौदा नेमका या जागी बोट ठेवतो. राज्याच्या संस्थांत येणाऱ्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश लोक चांगली देखरेख मिळाली तर काउंटीतच सुरक्षितपणे राहू शकतील, असा अंदाज १९६४च्या एका सरकारी पाहणीत निघाला होता. मिळालेले पैसे काउंटीने कमी प्रकरणे असलेल्या अधिकाऱ्यांच्या खास पथकांवर खर्चायचे, अशी अट होती. म्हणजे तुरुंगात न धाडल्याबद्दलचे बक्षीस त्याच माणसावरच्या देखरेखीत जायचे. योजना बंद कशी पडली तेही बोलके आहे. चार हजारांचा आकडा महागाईशी जोडलेला नव्हता. सत्तरच्या दशकात डॉलर घसरत गेला, तशी काउंट्यांना मिळणारी रक्कम नावापुरती उरली. पोलिसांचा विरोध तर पहिल्यापासून होता. पैशाच्या लोभाने काउंट्या धोकादायक माणसे रस्त्यावर ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. १९७८मध्ये योजना गुंडाळून तिच्या जागी वेगळे अनुदान आले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रपोझिशन तेरा हा सार्वमताचा प्रस्ताव मंजूर झाला, मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा पडली आणि काउंटीच्या उत्पन्नाचा मुख्य झरा आटला. परिवीक्षा विभागाला एकाच वर्षी दोन्हीकडून फटका बसला.

इथे लंबकाची मांडणी मानणारे थांबवतील. त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. सत्तरच्या दशकात गुन्हे खरोखरच वाढले होते. रॉबर्ट मार्टिनसनच्या १९७४च्या लेखाने कैद्यांना सुधारण्याच्या प्रयत्नांवरचा विश्वासच हलवला. १९७७पासून कॅलिफोर्नियात ठरावीक मुदतीच्या शिक्षा लागू झाल्या, १९९४मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस वर्षे ते जन्मठेप देणारा कायदा आला. राज्यातले कैदी १९८०च्या सुमारास चोवीस हजारांच्या आसपास होते. २००६मध्ये ते सुमारे एक लाख त्र्याहत्तर हजार झाले. एवढी उसळी नुसत्या जमाखर्चाने येत नाही, हे मान्य. लोकांना कठोरपणा हवा होता. पण कठोरपणाची किंमत मागणाऱ्याला द्यावी लागत नसेल, तर त्याला सीमा राहत नाही. ज्या काउंटीत जिल्हा सरकारी वकील कठोर शिक्षांच्या वचनावर निवडून येई, तिथल्या मतदाराला त्या शिक्षांचे बिल आपल्या घरपट्टीत दिसत नसे. दिसले असते तर मागणी शून्यावर आली असती असे नाही, पण इतकी बेहिशेबी वाढली नसती. साठच्या दशकात गुन्ह्यांची चिंता कमी नव्हती, तरी चार हजार डॉलर दिसताच काउंट्यांचा हात आखडला होता.

याहून अवघड आक्षेप सुरक्षिततेचा आहे. १९८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रँड संस्थेच्या जोन पीटरसिलिया आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस आणि अलामेडा या काउंट्यांतल्या गंभीर गुन्ह्यांसाठी प्रोबेशन मिळालेल्या १,६७२ जणांचा चाळीस महिने माग घेतला. त्यांपैकी ६५ टक्के पुन्हा पकडले गेले. प्रोबेशन म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सूट, असे म्हणणाऱ्यांना हे आयते हत्यार मिळाले. मला त्यातून वेगळा निष्कर्ष दिसतो. या माणसांवर देखरेख होती ती प्रपोझिशन तेरानंतरच्या, माणसे आणि पैसा दोन्ही गमावलेल्या विभागांची. मग देखरेख नुसती घट्ट केली तर? तेही तपासून झाले आहे. पीटरसिलिया आणि सुसान टर्नर यांनी पुढे देशभरातल्या चौदा ठिकाणच्या कडक देखरेखीच्या योजना पारखल्या. नव्या अटका त्यांतून कमी झाल्या नाहीत. वाढले ते अटी मोडल्याचे कागद. जास्त वेळा तपासाल तर जास्त वेळा सापडेल, यात नवल काय? जिथे नजरेबरोबर उपचार आणि कामधंदाही होता, तिथे चित्र थोडे बरे होते. पहारा स्वस्त असतो आणि मदत महाग, त्यामुळे पैसा आटला की आधी मदत जाते आणि पहारा उरतो.

२००९पर्यंत राज्याच्या हिशेबात हा प्रश्न उघडा पडला होता. २००७ साली न्यायालयांकडून राज्याच्या तुरुंगात नव्याने आलेल्या सुमारे ४७,००० लोकांपैकी जवळपास २०,००० जण प्रोबेशनवर अपयशी ठरून आलेले होते. एसबी ६७८ या कायद्याने जुना सौदा नव्या रूपात आणला: प्रोबेशनवरून तुरुंगात जाणाऱ्यांचे प्रमाण काउंटीने कमी केले, तर राज्याच्या बचतीतला वाटा काउंटीला, आणि तो पुराव्यावर टिकलेल्या कामावरच खर्चायचा. पहिल्याच वर्षी हे प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ६.१वर आले. पुढे मे २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली गर्दी कमी करण्याचा आदेश कायम केला आणि त्या ऑक्टोबरपासून एबी १०९ हा कायदा लागू झाला. गंभीर, हिंसक किंवा लैंगिक नसलेल्या गुन्ह्यांतल्या बहुतेकांची शिक्षा काउंटीच्या कोठडीत, आणि राज्याच्या तुरुंगातून सुटणाऱ्या अशाच अनेकांची देखरेख काउंटीच्या परिवीक्षा विभागाकडे. सोबत पैसेही आले. फुकटच्या जेवणाचे ताट बऱ्याच अंशी उचलले गेले.

तुरुंगात न धाडण्याचे पैसे मिळणार असतील तर अधिकारी अट मोडल्याकडे कानाडोळा करणार नाही का? करेल, काही वेळा नक्की करेल. पण आधीच्या व्यवस्थेतही आमिष होतेच, उलट दिशेचे. ते रोजच्या सवयीत मुरलेले असल्याने दिसत नव्हते. आमिषच नसलेली व्यवस्था या कामात अजून कोणी उभी केलेली नाही. आमिषाचे सर्वांत कुरूप रूप तर तिसऱ्याच वहीत होते. पैशाची ओढाताण वाढली तशा काउंट्यांनी देखरेखीचे शुल्क देखरेखीतल्या माणसाकडूनच घ्यायला सुरुवात केली. नुकताच कामाला लागलेला माणूस दरमहा विभागाला पैसे भरे, थकले की कर्ज चढे आणि तीच त्याच्या डोक्यावरची नवी टांगती तलवार होई. बाल गुन्हेगारांच्या पालकांकडून घेतली जाणारी शुल्के २०१८पासून आणि प्रौढांच्या देखरेखीची २०२१च्या जुलैपासून राज्याने बंद केली. २०२१पासूनच बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत प्रोबेशनला एक वर्षाची आणि गंभीर गुन्ह्यांत दोन वर्षांची मर्यादा आली.

हिशेबाचा जोर किती असतो ते मुलांच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ दिसते. राज्याच्या सुधारगृहात मूल धाडायला काउंटीला अनेक वर्षे महिन्याला अवघे पंचवीस डॉलर पडत. १९९६मध्ये ही संख्या दहा हजारांच्या घरात होती, तेव्हा राज्याने दर बदलले: गुन्हा जितका सौम्य, तितका काउंटीचा वाटा मोठा, खर्चाच्या निम्म्यापासून थेट शंभर टक्क्यांपर्यंत. किरकोळ गुन्ह्यांतली मुले धाडणे त्यानंतर ओसरत गेले आणि ३० जून २०२३ला राज्याची ही यंत्रणाच बंद झाली. मुलांची जबाबदारी पूर्णपणे काउंट्यांकडे आली. माझ्या मांडणीची मर्यादाही तिथेच दिसते: खर्च काउंटीच्या वहीत आला म्हणून काम आपोआप सुधारत नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राज्याच्या देखरेख मंडळाने लॉस एंजेलिस काउंटीची दोन बालबंदीगृहे मुलांना ठेवण्यास अयोग्य ठरवली होती. ती चालवत होता त्याच काउंटीचा परिवीक्षा विभाग, देशातल्या सर्वांत मोठ्या परिवीक्षा विभागांपैकी एक. कर्मचारी कामावर येत नव्हते, मुलांच्या शाळेचे आणि फिरण्याचे तास बुडत होते. काउंटीने लॉस पाड्रिनोस हे आधी बंद केलेले बालगृह पुन्हा उघडले आणि बहुतेक मुले तिथे हलवली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने तेही अयोग्य ठरवले.